पिलाटीज हे एका माणसाचं आडनाव आहे!

इन्स्टा उघडा आणि पिलाटीज सर्च करा. काय दिसतं? पांढऱ्याशुभ्र भिंती, कोपऱ्यात एखादं झाड, मधोमध पलंगासारखा सरकणारा एक सांगाडा, त्याला लावलेल्या स्प्रिंगा आणि त्यावर मॅचिंग सेट घातलेली कुणीतरी सेलिब्रिटी. फी विचारलीत तर पुढचा प्रश्न विचारायची हिंमतच होत नाही. त्यामुळे आपल्यातल्या अनेकांनी पिलाटीजला एका खणात टाकून दिलंय. श्रीमंतांचं, नाजूक, मुलींचं काहीतरी. विषय संपला.

पण थांबा. हा शब्द कुठून आला, हा प्रश्न कधी पडलाय का? तो लॅटिन नाही, ग्रीक नाही, कुठल्या ब्रँडनं शोधलेलाही नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ ह्युबर्टस पिलाटीज. लहानपणी धड श्वास घेता न येणारा मुलगा, नंतर बॉक्सर, नंतर युद्धकैदी. आणि गंमत म्हणजे, ज्या व्यायामाला आज सगळं जग पिलाटीज म्हणतं, त्याला त्यानं स्वतः हे नाव दिलंच नव्हतं. त्यानं ठेवलेलं नाव होतं कंट्रॉलॉजी. म्हणजे शरीरावर ताबा मिळवण्याचं शास्त्र.

हा ताबा त्याला इतका महत्त्वाचा का वाटला, हे समजून घ्यायचं तर त्याच्या आयुष्यात थोडं मागे जावं लागेल.

दमेकरी पोरगा

९ डिसेंबर १८८३. जर्मनीच्या पश्चिमेकडचं म्योन्शनग्लाडबाख हे गाव. कापड गिरण्यांसाठी ओळखलं जाणारं. तिथे एका धातूकाम करणाऱ्या कामगाराच्या घरी जोसेफ जन्मला. वडिलांना जिम्नॅस्टिक्सची आवड. त्या काळातल्या जर्मनीत जिम्नॅस्टिक्स हा केवळ खेळ नव्हता, ती चळवळच होती. आपल्याकडे जशा तालमी, तसे तिकडे गावोगावी जिम्नॅस्टिक्सचे क्लब.

अशा घरातला हा मुलगा मात्र आजारांचं माहेरघर. दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप, असे तीन आजार लहानपणी झाल्याचं तो पुढे सांगायचा. मुडदूस म्हणजे हाडं मऊ पडणं, वाकणं. दम्यात श्वास पुरत नाही. आता कल्पना करा, बाकीची मुलं मैदानात कोलांट्या मारतायत आणि तुम्हाला चार पावलं पळाल्यावर धाप लागतेय.

जोसेफनं काय केलं, तर शरीराचा अभ्यास. शरीररचनेची चित्रं पाहायची, कुठला स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडला जातो ते लक्षात ठेवायचं आणि मग तो स्वतःवर करून बघायचा. जिम्नॅस्टिक्स, बॉक्सिंग, शरीरसौष्ठव, जे मिळेल ते. चौदाव्या वर्षापर्यंत शरीर इतकं घडलं होतं, की शरीररचनेचे तक्ते काढण्यासाठी आपल्याला मॉडेल म्हणून उभं केलं जायचं, असंही तो सांगे. त्याला थोडी बढाई मारायची सवय होती हे धरून चाललो, तरी त्याचे नंतरचे फोटो खोटं बोलत नाहीत.

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात कायमची बसली. श्वास आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याला श्वासासाठी झगडावं लागलंय, त्यालाच हे इतक्या लवकर कळू शकतं.

काटेरी तारांच्या आत

पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधी जोसेफ इंग्लंडला गेला. बॉक्सिंग, सर्कशीतली कामं, स्वसंरक्षणाचे धडे देणं, असं त्याचं चाललं होतं. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन युद्धात उतरलं आणि एका रात्रीत इंग्लंडमधला प्रत्येक जर्मन माणूस शत्रू ठरला. गुन्हा काय? काहीच नाही. पासपोर्ट चुकीच्या देशाचा, एवढंच.

जोसेफला आधी लँकेस्टरच्या छावणीत ठेवलं आणि मग आइल ऑफ मॅन या बेटावरच्या नॉकेलो छावणीत हलवलं. हे बेट इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आहे. नॉकेलोमध्ये ऐन गर्दीच्या काळात वीस हजारांहून जास्त माणसं कोंडलेली होती. लाकडी बराकी, चिखल, वारा आणि चहूबाजूंनी काटेरी तारा.

तिथे मारहाणीपेक्षा मोठा त्रास वेगळाच होता. रिकामेपणा! सुटका कधी, हे कुणालाच माहीत नाही. काम नाही, घर नाही, एकांतही नाही. वर्षानुवर्षं असं राहिलेल्या कैद्यांच्या मनावर जो परिणाम होतो, त्याला १९१८ मध्ये एका स्विस डॉक्टरनं नावच दिलं, काटेरी तारांचा आजार. चिडचिड, विसराळूपणा, कशातच मन न लागणं. लॉकडाऊनमध्ये चार भिंतींत काढलेले महिने आठवतायत ना? त्याला चारने-पाचने गुणा आणि वर काटेरी तार लावा.

या छावणीत जोसेफ इतर कैद्यांना व्यायाम शिकवायला लागला. उपकरणं नव्हती, मोकळी जागा कमी. मग उरतं काय? जमीन आणि स्वतःचं शरीर. आज ज्याला मॅट पिलाटीज म्हणतात त्याची मुळं इथे आहेत. आडवं झाल्यावर तुमचं शरीर जेवढी जागा घेतं, तेवढी जागा पुरे. छावणीतल्या मांजरांकडे तो तासन् तास बघत बसायचा, असं सांगतात. खायला पुरेसं नाही, तरी ही मांजरं एवढी चपळ कशी? कारण ती सतत ताणतात, वळतात, पाठ गोल करतात. माणसं मात्र बसून गंजतायत.

आणखी एक गोष्ट या छावणीबद्दल हमखास सांगितली जाते. आजारी कैद्यांना उठता येत नव्हतं, म्हणून त्यानं पलंगांच्या स्प्रिंगा काढून खाटेच्या दांड्यांना बांधल्या आणि त्यांना पडल्या पडल्या हातपाय चालवायला लावलं. १९१८ च्या फ्लूच्या साथीत त्याचा एकही विद्यार्थी दगावला नाही, असंही म्हणतात. ही दुसरी कथा कथा म्हणूनच ऐका, तिला कागदोपत्री आधार नाही. पण स्प्रिंगची कल्पना पुढे त्याच्या सगळ्या यंत्रांचा जीव झाली, हे मात्र खरं.

स्प्रिंगच का?

इथे जरा फिजिक्स. घाबरू नका, परीक्षेला नाहीये.

डंबेल फक्त एकाच दिशेला ओढतं, खाली. कारण गुरुत्वाकर्षण. स्प्रिंगचं तसं नसतं. ती तुम्ही जिथे अडकवाल तिथून ओढते. डोक्याकडून, पायाकडून, बाजूनं, तिरकं. शिवाय जितकी जास्त ताणाल तितकी ती जास्त विरोध करते. आणि खरी मजा परत येताना. पाय सोडून दिलात तर स्प्रिंग तुम्हाला फाडकन मागे खेचते. म्हणजे जातानाही ताबा हवा आणि येतानाही. जिममध्ये बारबेल उचलल्यावर धप्पकन खाली टाकतो, तसला मामला इथे चालत नाही.

आता स्वतःच्या दिवसाकडे बघा. चालत्या बसमध्ये एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं सॅकच्या मागच्या खणातलं पास काढता. बाइकवर मागे वळून ट्रॅफिक बघता. वाकून बेडखालची बॅग तिरकी ओढून काढता. यातली एक तरी हालचाल सरळ रेषेत आहे का?

शरीर ढोबळमानानं तीन प्रतलांत हलतं. दहावीच्या भूमितीतलं प्रतल, तेच. एक, पुढे-मागे. दोन, डावी-उजवीकडे झुकणं. तीन, पीळ, म्हणजे वळणं. आपल्यातले बरेच जण जिममध्ये जे करतात ते बहुतांश पहिल्याच प्रतलात असतं. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बायसेप कर्ल, क्रंचेस, ट्रेडमिल. सगळं पुढे-मागे. वाईट नाही, पण अपुरं आहे. मग बायसेप मस्त दिसतो आणि बेडखालची बॅग तिरकी ओढताना नेमकी कंबर धरते.

आज ट्रेनर ज्याला फंक्शनल ट्रेनिंग म्हणतात, म्हणजे आरशासाठी नाही तर रोजच्या जगण्यासाठी व्यायाम, त्याची चर्चा फार नवी वाटते. जोसेफच्या व्यायामांची यादी काढून बघा. रोल-अपमध्ये पाठीवर झोपून एकेक मणका जमिनीवरून सोलून काढल्यासारखं उठायचं. हे झालं पुढे-मागे. साइड बेंडमध्ये एका हातावर तोलून कंबर बाजूनं वर उचलायची. सॉ, म्हणजे करवत. पाय फाकवून बसायचं, कंबरेतून वळायचं आणि करंगळीनं समोरच्या पायाची करंगळी कापतोय असं पुढे जायचं. यात पीळही आला आणि वाकणंही. वन लेग सर्कलमध्ये पाठीवर झोपून एक पाय हवेत गोल फिरवायचा, पाय सगळीकडे जातो आणि कंबर मात्र जागची हलू द्यायची नाही. करून बघा, कोण कुणाला नाचवतंय ते लगेच कळेल.

अजून एक गोष्ट. आपण स्ट्रेचिंग शेवटची दोन मिनिटं उरली तर करतो. ताकदीचं खातं वेगळं, लवचिकतेचं वेगळं. जोसेफच्या पद्धतीत हे दोन्ही एकाच हालचालीत असतं. रोल-अप करताना पोट काम करतंय, त्याच वेळी पाठ आणि मांडीचा मागचा भाग ताणला जातोय. स्नायू लांब होत असतानाच तो बळकटही होतोय. मांजर आधी वॉर्म-अप आणि मग स्ट्रेचिंग करत नाही ना?

आठव्या अॅव्हेन्यूवरचा अवलिया

युद्ध संपलं, सुटका झाली, तो जर्मनीला परतला. पण तिथे फार काळ रमला नाही. १९२६ मध्ये त्यानं अमेरिकेची बोट धरली. याच प्रवासात त्याला क्लारा भेटली, असं सांगतात. दोघांनी मिळून न्यूयॉर्कच्या आठव्या अॅव्हेन्यूवर, ९३९ नंबरच्या इमारतीत स्टुडिओ काढला.

जागा लकी निघाली. आजूबाजूला नाचाचे स्टुडिओ आणि तालमीच्या खोल्या. नाचणाऱ्यांचे घोटे मुरगळतात, गुडघे जातात, पाठ धरते आणि पुढचा शो तर चार दिवसांवर. अशी मंडळी जिना चढून जोसेफकडे यायला लागली. जॉर्ज बालनशिन आणि मार्था ग्रॅहम, म्हणजे अमेरिकन नृत्यातली दोन सगळ्यात मोठी नावं, आपल्या नर्तकांना त्याच्याकडे पाठवू लागले.

माणूस मात्र विक्षिप्त. भरदार छाती, पांढरे केस, अंगावर बहुतेक वेळा फक्त पोहण्याची चड्डी. बर्फात उभं राहून उघड्या अंगानं व्यायाम करतानाचे त्याचे फोटो आहेत. मोठ्यानं बोलायचा, पटकन चिडायचा. तोंडात सिगार. विद्यार्थ्याला दुखतंय का हे विचारण्यापेक्षा त्याचा पाय धरून योग्य जागी नेण्यावर त्याचा जास्त विश्वास.

उलट क्लारा शांत. आजारी, घाबरलेल्या लोकांना ती हळूहळू घ्यायची. एखाद्याला व्यायाम झेपत नसेल तर त्याच्यासाठी तो बदलायची. या पद्धतीचा अर्धा इतिहास खरं तर क्लाराचा आहे, फक्त नाव जोसेफचं लागलं. आता हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही, नाही का?

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक होती ईव्ह जेंट्री, ही नर्तकी. तिला स्तनाचा कर्करोग झाला. त्या काळच्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढून टाकत. त्यानंतर हात डोक्यावर नेणंही मुश्कील. जिचं आयुष्यच नाचणं, तिच्यासाठी याचा अर्थ काय असेल? जोसेफबरोबर काम करून तिनं हाताची पूर्ण हालचाल परत मिळवली. त्याचं चित्रीकरणही झालं. डॉक्टरांना ते पाहूनही खरं वाटलं नाही. जे स्नायूच नाहीत, त्यांचं काम करतंय कोण? उत्तर हेच, की शरीर सुट्या भागांचं दुकान नाही. एक भाग गेला तर बाकीचे त्याचं काम वाटून घ्यायला शिकू शकतात. शिकवणारा मात्र हवा.

न मिळालेली दाद

आता तुम्हाला वाटेल, एवढं सगळं झाल्यावर जोसेफ सुखात गेला असेल. नाही.

त्याला नर्तकांचा गुरू व्हायचंच नव्हतं. त्याला वाटायचं, आपली पद्धत शाळांत जावी, दवाखान्यांत जावी, सैन्यात जावी. १९३४ मध्ये त्यानं एक पुस्तक लिहिलं, १९४५ मध्ये दुसरं. दुसऱ्यात मॅटवरचे ३४ व्यायाम फोटोंसकट दिलेत आणि फोटोंत स्वतः तोच आहे, पन्नाशी ओलांडलेला, पोटावर चरबीचा थेंब नाही. यंत्रांची पेटंटंही घेतली. घरातल्या आरामखुर्चीचं व्यायामाचं यंत्र होईल अशी खुर्चीसुद्धा बनवली. का? तर न्यूयॉर्कच्या छोट्या घरात राहणाऱ्याकडे वेगळी जागा कुठून येणार! नॉकेलो त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही, बहुतेक.

पण डॉक्टरमंडळींनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ना डिग्री, ना प्रयोगशाळा, वर हा तापट स्वभाव. आपण काळाच्या खूप पुढे आहोत याची त्याला खात्री होती आणि काळ काही धावत येईना. वय वाढत गेलं तसा तो कडवट होत गेला.

९ ऑक्टोबर १९६७ ला तो गेला. वय ८३. कारण फुफ्फुसांचा विकार, एम्फिसीमा. पूर्ण श्वास घ्या, पूर्ण सोडा, हे आयुष्यभर लोकांना शिकवणाऱ्या माणसाचा शेवट श्वासानंच अडवला. आणि सिगार त्यानं सोडली नव्हती. शरीरावरच्या ताब्याचं शास्त्र लिहिणाऱ्याला ही एक सवय ताब्यात ठेवता आली नाही. हे लपवण्यात अर्थ नाही, उलट यामुळेच तो पोस्टरवरचा गुरू न वाटता माणूस वाटतो.

त्याच्यामागे क्लारानं स्टुडिओ चालू ठेवला. नंतर दोघांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी शिकवायला सुरुवात केली आणि हळूहळू कंट्रॉलॉजी हे नाव मागे पडून लोक नुसतं पिलाटीज म्हणू लागले. मग पैसा आला आणि पैशामागून भांडण. पिलाटीज हा शब्द कुणी वापरायचा? ट्रेडमार्कचा खटला न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर २००० मध्ये निकाल लागला, की पिलाटीज हे व्यायामपद्धतीचं सर्वसाधारण नाव आहे, त्यावर कुणा एकाची मालकी नाही. म्हणजे योग किंवा कराटे या शब्दांसारखंच. एका माणसाचं आडनाव कायद्यानं सगळ्यांचं झालं.

आज ते आडनाव महागड्या काचेच्या दारांवर झळकतंय. त्यात चूक काही नाही. रिफॉर्मर नावाचं त्याचं यंत्र खरंच भारी आहे आणि चांगला शिक्षक असेल तर फी वसूल. पण ही पद्धत ज्या लोकांसाठी सुरू झाली, त्यांच्याकडे खिशात पैसा नव्हता, बाहेर जायची परवानगी नव्हती आणि उद्या काय होणार याची खात्री नव्हती. त्यांच्याकडे जमिनीचा एक तुकडा होता आणि एक शरीर.

तेवढं तर तुमच्याकडेही आहे. हॉस्टेलच्या दोन कॉट्समधली जागा असेल, नाहीतर घरात सगळे झोपल्यावरचा हॉल. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा, ते दुखणं यूट्यूबच्या भरवशावर सोडू नका. नसेल तर त्याच्या ३४ व्यायामांतल्या पहिल्यापासून सुरुवात करा. त्याचं नाव हंड्रेड. चटई टाका, पाठीवर झोपा. डोकं आणि खांदे किंचित वर, पाय उचललेले. जमत नसेल तर गुडघे वाकवा, कुणी बघत नाहीये. हात शरीराशेजारी सरळ, आणि ते छोटे छोटे खालीवर हलवायचे. पाच वेळा हलेपर्यंत श्वास आत, पाच वेळा हलेपर्यंत बाहेर.

असं शंभरपर्यंत मोजा. साठ-सत्तरच्या आसपास पोट थरथरायला लागेल आणि हे काही नाजूक प्रकरण नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.